भिंत पाहून आलो

आमच्या घराच्या मधल्या खोलीत, जिथे बाबांची बाज असायची त्या भिंतीला एक भेग आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती तिरपी चढत पत्र्याखालच्या लाकडाच्या वीतभर खाली थांबते. बाबा गेल्यानंतरच्या दिवसांत, येणारेजाणारे उठून गेले की मी तिच्याकडे पाहत बसायची. माणूस गेल्यावर नजर ठेवायला काहीतरी लागतं. अंगणातल्या रिकाम्या बाजेकडे पाहवत नव्हतं, म्हणून भेगेकडे.

पुसदहून उमरखेडच्या बाजूला निघालं की डोंगर लागतात. बाहेरचा माणूस त्यांना टेकड्या म्हणेल, आम्ही डोंगरच म्हणत आलो. आमचं गाव अशाच एका उतारावर आहे. खाली रस्त्याचा फाटा आणि तिथलं चहाचं हॉटेल, वर आमची बौद्धांची वस्ती, वस्तीच्या पायथ्याशी शेतं आणि नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. आमच्या घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की तांड्यातल्या एका काकांचं शेत समोर दिसतं. शेताच्या एका कडेला त्यांची विहीर, आणि विहिरीभोवती काळ्या दगडांचा ढीग. ही गोष्ट त्या विहिरीपासून सुरू होते. किंवा आम्ही सगळे बरीच वर्षं तसं समजत होतो.

बाबा एसटीत कंडक्टर होते. गाडी फाट्यावर आली की ते तांड्याच्या वाटेपर्यंत ती पुढे न्यायला लावत, कारण तांड्यातल्या बायांच्या डोक्यावर बाजारचं ओझं असे. ड्रायव्हर कुरकुरायचा. बाबा दोनदा घंटी वाजवायचे आणि गाडी पुढे सरकायची. त्यातून काकांची आणि त्यांची ओळख झाली. मी लहान असताना काका गाडीत चढले की बाबा म्हणत, "सुटे काढ." काका म्हणत, "सुटे असते तं तुह्या डब्यात कायले बसलो असतो? जीप केली असती." हा संवाद दर वेळी तसाच व्हायचा आणि दर वेळी मागच्या बाकावरचं कोणीतरी हसायचं. मला काका मास्तरीण म्हणत, कारण मी गाडीतही पुस्तक उघडून बसायची. पुढे मी खरोखर मास्तरीण झाले, बाभुळगावला शाळेत भूगोल शिकवू लागले, तिथलंच सासर झालं. आई त्याआधीच गेली होती. निवृत्त झाल्यावर बाबांनी जुनं कुडाचं घर पाडून त्या जागी हे दगडविटांचं घर बांधलं. पायाचा दगड काकांच्या बैलगाडीतूनच आला होता.

घर बांधून दोन उन्हाळे झाले असतील, तेव्हा काकांनी विहीर खणायला घेतली. आमच्याकडे वरचा मुरूम संपला की खाली काळा पाषाण लागतो. तो कुदळीला ऐकत नाही. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आणायचा, दगडाला भोकं पाडायची, त्यात बार भरायचे आणि माणसं लांब करून सुरुंग उडवायचे. त्या महिन्यांत आमच्या डोंगरात रोज कुठे ना कुठे बार उडतो. धम्म आवाज येतो, भांडी किणकिणतात, आणि चुलीपुढची बाई मान वर न करता विचारते, कोणाची विहीर चालू आहे? आवाजाचं कारण आम्हाला पाठ असतं.

एका दुपारी बाबा त्या खोलीत पडले होते. जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज आला, मांडणीवरचे डबे खडखडले, आणि ते उठून बसेपर्यंत भिंतीला भेग गेलेली होती. ते मागच्या दारात आले. खाली काकांच्या विहिरीवर ट्रॅक्टर उभा होता, मजूर काठावर जमले होते. बाबांनी चप्पलही घातली नाही, तसेच उतरले. काका म्हणाले, बार भरले आहेत, पण अजून उडवले नाहीत. आत्ता जमीनच हालली. मजूर आत होते, तेही घाबरून वर आले. आणि नंतर, ऊन कललं तेव्हा, काकांच्या विहिरीतला बार खरोखर उडाला. तो साऱ्या गावानं ऐकला.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात दोघे समोरासमोर आले. तिथे काय झालं ते मला पुढे वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, आणि सगळ्यांचं सांगणं जवळपास सारखं होतं.

बाबा म्हणाले, "बार उडवला अन् भिंत फाडली. एवढं कबूल कर. बाकी मले काही नाही पायजे."

काका म्हणाले, "संध्याकाळी उडवला. तुही भिंत दुपारीच गेलती. जमीन हालली लेका, मी काय करू?"

"जमीन हालली," बाबा म्हणाले. "तुह्या विहिरीपाशी हालली, माह्या भिंतीपाशी हालली, बाकी गावात नाही हालली. खोटारडा हायेस तू."

मग बाबांनी आणखी एक वाक्य टाकलं. "तुमचं तं घरच बैलाच्या पाठीवर होतं. भिंत काय असते तुमाले काय समजन?"

काकांच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. काका ते अभिमानानं सांगायचे, गाडीत, आमच्या अंगणात, कुठेही. त्या दिवशी ते चहाचा कप तसाच ठेवून उठले. त्यानंतर वस्ती आणि तांडा यांच्यात उघड भांडण कधी झालं नाही. एवढंच झालं, की आमच्या जयंतीच्या जेवणाला तांड्यातून येणारी माणसं कमी झाली आणि तांड्यातल्या लग्नाची पत्रिका आमच्या दारावरून पुढे जाऊ लागली. बाबा मागचं दार लावून ठेवू लागले.

अशी वर्षं गेली. मी सुट्ट्यांत येई आणि जाई. शाळेत दर वर्षी मुलांना शिकवी, की दख्खनचं पठार हे पृथ्वीच्या कवचातल्या जुन्या आणि स्थिर भागांपैकी आहे. हिमालयाखालची जमीन अजून सरकते आहे, आपली निजलेली आहे. मुलं फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेत.

मग बाबांना दम्यानं धरलं. पुसदच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला आणि फुप्फुसं फार थकली आहेत असं सांगितलं. मी त्यांना बाभुळगावला चला म्हटलं. ते म्हणाले, तुझ्या घराच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. शेवटी मीच रजा घेऊन गावी राहायला आले. कंडक्टरचा आवाज होता त्यांचा, गाडीच्या पुढच्या दारातून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. आता चहात साखर कमी आहे एवढं सांगायला त्यांना दोन श्वास लागत.

त्या पावसाळ्यात डोंगरातून आवाज यायला लागले. पहिल्यांदा मी तो ऐकला तेव्हा भाजी निवडत होते. लांबून, खालून, जड दगडी जातं कोणीतरी एकदाच फिरवावं तसा. मांडणीवरचे डबे हलले. मी सवयीनं म्हटलं, "कोणाची विहीर चालू हाये?"

बाबा बाजेवर उठून बसले. बाहेर पाऊस लागलेला होता, नाला भरून वाहत होता.

"पावसाळ्यात," ते म्हणाले, आणि श्वास घेतला, "पावसाळ्यात कोन विहीर खंदते?"

एवढं बोलून ते भिंतीकडे पाहत राहिले. माझ्याही हातातली भाजी तशीच राहिली. पावसाळ्यात आमच्याकडच्या विहिरी काठोकाठ असतात. त्यात बार भरणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

तो आवाज मग पुन्हा पुन्हा आला. कधी नुसता घुमून जाई, कधी जमीन थरथरे. आसपासच्या गावांतूनही तसंच ऐकू येऊ लागलं, नदीपलीकडच्या जिल्ह्यातूनही. तहसीलची माणसं जीप घेऊन आली. त्यांनी शाळेच्या मैदानात लोकांना गोळा करून सांगितलं, की हे भूकंपाचे धक्के आहेत. घाबरू नका, पण पत्र्यांवरचे दगड काढून घ्या, भिंतीच्या कडेला निजू नका, हादरा बसला की मोकळ्या मैदानात या. पत्र्यांवरच्या दगडांचं ऐकून लोक एकमेकांकडे पाहू लागले. आमच्या साऱ्या गावाचे पत्रे दगडांनीच दाबलेले असतात. उन्हाळ्यात वावधन सुटलं की मोकळा पत्रा तीन शेतं पलीकडे जाऊन पडतो. एका म्हातारीनं विचारलं, "दगड काढला तं वारा नेते, ठेवला तं डोक्यावर पडते. कोनाचं ऐकू?" साहेबांनी पत्रे बोल्टनं पक्के करून घ्या असं सांगितलं. आम्ही बाबांच्या खोलीच्या पत्र्यावरचे दगड तेवढे काढले आणि बाज भिंतीपासून सरकवून खोलीच्या मधोमध आणली. बाकीचे राहिले.

त्या रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, हे जुनं आहे का, म्हणजे आधीही होत असेल का? मी म्हटलं, असणार. जुन्या खडकात जुन्या भेगा असतात, त्यांच्यावर ताण साठत जातो आणि कधीतरी त्या जराशा सरकतात. लहान धक्का असला तर बाहेर शेतात कळतही नाही. विहिरीत उतरलेल्या किंवा उतारावरच्या घरात झोपलेल्या माणसाला कळतो.

"म्हणजे घर नवं," बाबा म्हणाले, "अन् भेग जुनी."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "खरं बोलून राह्यलता तो."

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट करायची होती, काकांना हे सांगायचं. औषध, जेवण, झोप, सगळं त्यानंतर. पोळ्याच्या दिवशी मी नाला ओलांडून तांड्यात गेले. काका अंगणात बैलाच्या शिंगांना रंग लावत होते. मला पाहून हात थांबला नाही. काकूंनी खाट टाकली, पाणी दिलं.

मी म्हटलं, "काका, बाबा लय बिमार हायेत."

"माहीत हाये."

"एकदा घरी येऊन जा. त्याइले तुमाले काही सांगाचं हाये."

काकांनी दुसऱ्या शिंगाकडे बैलाची मान वळवली. "तुह्या बापाले पाय नाहीत का?"

"अंगणात येईस्तोर दम लागते."

"आवाज ऐकू येते म्हणा त्याले आता. जमिनीचा."

"येते," मी म्हटलं. "त्याइले समजलं काका. दुपारी तुमचा बार उडला नव्हता ते समजलं."

त्यांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. इतक्या जवळून त्यांना पाहायला मला बरीच वर्षं मिळालं नव्हतं.

"मास्तरीण," ते म्हणाले, "भिंतीचं मले काही नाही. भिंत म्या माह्या हातानं बुजवून देल्ली असती. बैलाचं बोलला, तेही सोड. पण मले खोटारडा म्हटलं त्यानं. फाट्यावर म्हटलं, साऱ्या लोकाइसमोर. आमच्या तांड्यात जे लोकाइत म्हटलं ते लोकाइतच वापस घ्या लागते. घरात बसून कानात सांगतलं तं ते चोरीचं झालं."

काकू आतून म्हणाल्या, "मरनाऱ्या मानसाशी हुज्जत घालून राह्यला का तू?"

"मी नाही घालून राह्यलो. कायदा सांगून राह्यलो."

मी हे सगळं जसंच्या तसं बाबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "बरोबर हाये त्याचं."

मग ते फाट्यावर जायची तयारी करू लागले. एका सकाळी मी ऑटो बोलावला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, आणि खोलीतून अंगणात यायला निघाले. उंबऱ्यात थांबले. दाराच्या चौकटीला धरून किती तरी वेळ उभे होते. ऑटोवाला इंजिन बंद करून वाट पाहत होता. शेवटी ते मागे वळले आणि बाजेवर बसले, सदऱ्याची बटणंही मीच काढली. त्यानंतरच्या काही दिवसांत मी स्वयंपाकघरात असले की आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येई. ते वाक्य घोकत होते. तू खरा होता, बार उडला नव्हता, म्या खोटं म्हटलं. एका श्वासात बसत नव्हतं ते. मधे कुठे श्वास घ्यायचा, याचा सराव चालला होता.

मी म्हटलं, "बाबा, मी जाऊन सांगते फाट्यावर. तुमचा निरोप म्हणून."

ते मान हलवून म्हणाले, "तिकीट ज्यानं फाडलं, त्यानंच पैसे वापस द्या लागते."

थंडी सुरू झाली तसा दम वाढला. एका सकाळी मी चहा गाळत होते. काकांच्या शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं, मोटारीचा आवाज वर येत होता. तो आवाज अचानक दुसऱ्या एका आवाजात बुडाला. या वेळी नुसतं घुमणं नव्हतं. जमीन बाजूला ओढल्यासारखी झाली, चहाचं भांडं ओट्यावरून खाली गेलं, डोक्यावरचे पत्रे वाजू लागले आणि एक दगड गडगडत येऊन अंगणात आपटला. क्षणभरात थांबलं. वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला, लोक मैदानाकडे पळत होते. मी बाबांच्या खोलीत गेले. ते जागे होते, डोळे मोठे करून वर पत्र्याकडे पाहत होते. मी त्यांना उठवायला गेले तर त्यांचं अंग माझ्या हातांना पेलेना. भेगेतून बारीक माती गळत होती.

मागचं दार कोणीतरी ढकललं. वर्षानुवर्षं लावलेलं, ओलाव्यानं फुगलेलं दार. दुसऱ्यांदा ढकलल्यावर उघडलं. काका होते, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात अजून फावडं. फावडं दारातच टाकून ते बाजेच्या डोक्याकडे गेले.

"पायाकडून धर," मला म्हणाले.

आम्ही बाजेसकट बाबांना उचललं. अंगणातून, वस्तीतल्या बोळातून, शाळेच्या मैदानापर्यंत. मैदानात वस्ती होती, नाला ओलांडून आलेला तांडाही होता, बकऱ्या होत्या, चुलीवरून तसंच उचललेलं भाताचं पातेलं होतं. फाट्यावरचे हॉटेलवाले आजोबा पंचा गुंडाळून आले होते, अर्धी दाढी केलेली. आम्ही बाज उन्हात ठेवली. लोक भोवती जमले. कोणीतरी विचारलं, आता घरात कधी जायचं? कोणालाच माहीत नव्हतं.

काका कमरेवर हात ठेवून उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं बैलाच्या पाठीवरचंच घर बरं होतं. हालते तं हालते, पडत तं नाही."

आधी कोणी हसलं नाही, कारण ते वाक्य कुठून आलं हे त्या मैदानातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं. मग बाबाच हसले. हसता हसता खोकला आला, मी त्यांना टेकून बसवलं. खोकला थांबल्यावर त्यांनी भोवती पाहिलं. हॉटेलवाले आजोबा होते, वस्ती होती, तांडा होता. त्या दिवशी फाट्यावर जे जे होते त्यांतले जिवंत असलेले सगळे होते. बाबांनी बोटातली अंगठी बाजेच्या लोखंडी पट्टीवर एकदा आपटली. टण्. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. लोक गप्प झाले.

त्यांनी श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा घेतला. काका बाजेवर ओणवे झाले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. मी पाठीमागून बाबांना धरून होते, माझं डोकं त्यांच्या खांद्याशी होतं, म्हणून मलाही ऐकू आलं. तू खरा होता. मग श्वास. बार उडला नव्हता. मग पुष्कळ वेळ नुसती छाती हलत राहिली. म्या खोटं म्हटलं, लोकाइत.

काका तसेच ओणवे राहिले.

"काय म्हनते कंडक्टर?" हॉटेलवाले आजोबा म्हणाले. "आमाले ऐकू नाही आलं."

काका सरळ झाले. त्यांनी साऱ्या लोकांकडे पाहिलं, वस्तीकडे, मग स्वतःच्या तांड्याकडे. ज्या गोष्टीसाठी त्यांनी इतकी वर्षं मागचं बंद दार पाहिलं होतं, ती सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं.

"पानी मांगून राह्यला," ते म्हणाले.

आणि स्वतः शाळेच्या हापशीवर जाऊन लोटा भरून घेऊन आले.

त्या दुपारी उशिरा लोक घरोघर परतले. बाबांना आम्ही पुन्हा खोलीत नेलं नाही, अंगणातल्या मांडवाखाली त्यांची बाज टाकली. काका रोज हरभऱ्याकडे जाताना येऊ लागले. बसायचे, तंबाखू मळायचे, आमच्या बैठकीत नसलेल्या माणसांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही. बाबांनी मात्र मला एकदा विचारलं.

"म्या सांगतलं ना?"

"सांगतलं बाबा."

"साऱ्याइनं ऐकलं?"

मी म्हटलं, "काकाइनं ऐकलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या उत्तरातलं जे राहिलं होतं ते त्यांना कळलं असावं. थंडी संपता संपता, एका सकाळी, ऊन अंगणात यायच्या आत ते गेले. खांदा द्यायला तांडा आला होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अंगणातच ठेवला, आत इतकी माणसं बसवायची भीती होती. बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं. मग लोक उठून दोन दोन शब्द बोलू लागले. एकानं त्यांच्या आवाजाबद्दल सांगितलं. एका बाईनं सांगितलं, की तिच्या बाळंतपणाच्या वेळी बाबांनी गाडी सरळ दवाखान्यापर्यंत नेली होती. काका पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, तांड्यातल्या लोकांबरोबर बसले होते.

मी शाळेत रोज बोलते, पण चार माणसांत उठून बोलायची मला सवय नाही. त्या दिवशी उठले. तिकिटाचं मला आठवत होतं. पण ज्यानं ते फाडलं तो माणूस आता नव्हता, आणि त्याचं देणं अर्धंच पोचलं होतं. मी म्हटलं, त्या सकाळी मैदानात बाबांनी पाणी मागितलं नव्हतं. त्यांनी काय म्हटलं ते मी ऐकलं आहे. आणि ती तीन वाक्यं मी त्यांनी घोकली होती तशी, त्यांच्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जातील अशी म्हटली. शेवटचं म्हणताना माझाही श्वास मधेच तुटला.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "नाही बाई. पानीच मांगतलं होतं त्यानं."

मग हॉटेलवाले आजोबा, जमिनीकडे पाहत, हळूच म्हणाले, "आता खोटं बोलून राह्यला लेकाचा."

लोक हसले. मोठ्यानं नाही, मेणबत्ती जळत होती. काका हसले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ सोगा तसाच धरून ठेवला.

रजा संपली तेव्हा मी घर बंद केलं. बाभुळगावच्या गवंड्याला भेगेचा फोटो दाखवला होता. तो म्हणाला होता, नुसता गिलावा मारू नका, भेग झाकली जाईल आणि वाढली तर कळणार नाही, दोन्ही बाजूंनी जाळी मारून भिंत बांधून घ्यावी लागेल. ते काम उन्हाळ्यात करायचं ठरलं. किल्ली कोणाकडे ठेवायची याचा विचार करावा लागला नाही. काकांनी ती करदोट्याला बांधली. मग खोलीत जाऊन भेगेच्या वरच्या टोकाशी कोळशानं एक आडवी रेघ ओढली.

"इथपासून वर गेली तं समजन," म्हणाले.

मी आता पुन्हा वर्गात असते. दख्खनच्या पठाराच्या धड्याला आले की स्थिर या शब्दापाशी थांबते आणि मुलांना सांगते, की याचा अर्थ अजिबात न हलणारं असा घेऊ नका. धक्के थांबलेले नाहीत. कधी महिनाभर काही नसतं, कधी एका आठवड्यात दोनदा घुमतं. तिकडे घुमलं की काही वेळातच माझा फोन वाजतो. काकांना मोबाइलवर ओरडून बोलायची सवय आहे.

"मास्तरीण, भिंत पाहून आलो."

"किती हाये काका?"

"रेघेपाशीच हाये. वाढली नाही."

एवढं सांगून ते फोन ठेवतात. पुढच्या धक्क्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. रेघेपाशीच. इतके धक्के बसूनही भिंत जिथल्या तिथे राहिली असेल का, हा भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पडणारा प्रश्न मलाही पडतो. त्यांना एकदा फोटो पाठवायला सांगावं असं मनात येतं. त्यांच्या नातवाला तो काढता येतो.

अजून सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात मी जाणारच आहे.